पहिलं कार्ड घेताय?

पगार सुरू झाला की कार्डासाठी बँकांचे फोन येऊ लागतात, तेव्हा एवढं आधी समजून घे. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे ही पैसे इकडून तिकडे पोचवणारी नेटवर्क्स. तू बघायचं ते एवढंच की पैसे कुणाचे जाणार. डेबिट कार्डात तुझ्या खात्यातले लगेच वळते होतात, प्रीपेडमध्ये आधी भरलेस तेवढेच. क्रेडिट कार्ड म्हणजे सरळ उधारी.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’ असे दोन आकडे येतात. किमान भरलंस तर लेट फी टळते, व्याज नाही. वर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, किराणा घेतलास तरी त्याच दिवसापासून मीटर सुरू. म्हणून पूर्ण रकमेचं ऑटो-डेबिट लावून टाक. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून पैसे? अजिबात नको. शुल्क वेगळं, व्याज पहिल्या दिवसापासून.

रुपेचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून दुकानाचा क्यूआर स्कॅन करता येतो. मित्राला पैसे पाठवायला मात्र ते चालत नाही. टॅप करायचं कार्ड ५,००० रुपयांपर्यंत पिन विचारत नाही. नको असेल तर बँकेच्या ॲपमधून ती सोय बंद कर, परदेशी व्यवहारही.