सिम्युलेटरवर विमान उडवणारा मुलगा

“मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत संगणकावर विमान उडवत बसतो, हे वेड त्याच्या डोक्यातून कसे काढावे?” असा प्रश्न घेऊन अकरावी विज्ञान शाखेतील एका मुलाचे आईवडील माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) भौतिकशास्त्राच्या चाचणीत त्याला २५ पैकी ७ गुण मिळाले होते आणि वडिलांनी लॅपटॉप कपाटात कुलूपबंद करण्याचे ठरवले होते.

मी मुलाला एकट्याला बोलावून तो नेमके काय करतो ते विचारले, तेव्हा त्याने दप्तरातून एक वही काढली. वहीत प्रत्येक उड्डाणाची नोंद होती. धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून २० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा वाहत असेल, तर ३० अंशांचा साइन अर्धा असल्यामुळे विमानाला बाजूने ढकलणारा वारा १० नॉटचा असतो, हे त्याने मला आकृती काढून समजावले. चाचणीत त्याचे गुण गेले होते ते नेमके याच गणिताच्या, म्हणजे सदिशांच्या (परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींच्या) प्रकरणात.

पुढच्या भेटीत मी तिघांनाही अशाच सिम्युलेटरचे, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा आभास देणाऱ्या प्रोग्रामचे, निर्माते ब्रूस आर्टविक यांची हकिकत सांगितली. इलिनॉय विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत असताना त्यांना विमानाचीही तितकीच ओढ होती, आणि १९७५ सालच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तोच मुळी संगणकाने उड्डाणाचे हलते दृश्य कसे रेखाटावे हा. १९७७ मध्ये त्यांनी सबलॉजिक ही कंपनी काढली. जेमतेम काही किलोबाइट मेमरीच्या अ‍ॅपल टू संगणकासाठी त्यांनी जो सिम्युलेटर तयार केला, त्यात जमीन म्हणजे केवळ रेघांची चौकट होती. तरीही विमान कलले की क्षितिज कलत असे, आणि त्यामागे सगळे त्रिकोणमितीचे गणित होते. १९८२ मध्ये त्यांचाच सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टने आयबीएम पीसीसाठी बाजारात आणला.

“म्हणजे याला असेच खेळू द्यायचे का?” वडिलांनी विचारले. मी स्पष्टपणे नाही म्हटले. आर्टविक यांची आवड पदवीच्या अभ्यासाला टाळून नव्हे, तर त्या अभ्यासातूनच पुढे गेली होती, आणि झोपेवाचून सदिश काय, कोणतेच प्रकरण डोक्यात शिरत नाही. हा मुलगा आर्टविक होईल असेही मी म्हटले नाही, कारण तसे ओझे सोळा वर्षांच्या मुलावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. दहानंतर लॅपटॉप बैठकीच्या खोलीत ठेवायचा आणि दर रविवारी एका उड्डाणाचे गणित त्याने वडिलांना समजावून सांगायचे, एवढेच आम्ही ठरवले.

पुढच्या चाचणीत त्याला १५ गुण मिळाले. मधल्या काळात दोनदा जागरण झाले होते. त्या दोन्ही तारखा त्याने स्वतःच वहीत लिहून ठेवल्या होत्या.