नातवंडांना आपली साक्ष कशी सांगावी? ती ऐकतच नाहीत.

सलाम. तुम्ही लिहिलंय की प्रभूने तुमच्या आयुष्यात काय केलं हे सांगायला बसलात की नातवंडं पाच मिनिटांत उठून जातात. मोठा नातू तर आता उपासनेलाही येत नाही, त्याला सांगावं की नाही असंही तुम्ही विचारलंय. मी नाशिकची, शरणपूर रोडच्या बाजूला राहते. नर्स म्हणून निवृत्त झाले, रविवारच्या शाळेत अजून शिकवते, घरात नातवंडं आहेत.

माझं म्हणणं एवढंच की जी प्रार्थना ऐकली गेली तिच्याबरोबर जी ऐकली गेली नाही तीही सांगा. आपल्याकडे साक्षीचा साचा ठरून गेलाय. आजार आला, मंडळीने उपवास-प्रार्थना केली, माणूस उठून बसला, प्रभूची स्तुती असो. अशा साक्षी खऱ्या असतात, मी त्या मानते. पण त्याच मंडळीत प्रार्थना होऊनही गेलेली माणसं मुलांनी पाहिलेली असतात. त्यांचं काय, हे ती तोंडाने विचारत नाहीत. गप्प बसतात, आणि आपल्याला वाटतं त्यांना गोडी नाही.

माझे यजमान किडनीच्या आजाराने गेले. रात्रपाळीत कितीतरी पेशंटच्या उशाशी मी प्रार्थना केली होती, यजमानांसाठी मात्र मागितलं ते मिळालं नाही. नंतर बरेच महिने प्रार्थनेला बसलं की शब्दच यायचे नाहीत. महिला मंडळाच्या बायका संध्याकाळी यायच्या, स्वयंपाकघरात भाजी निवडायला बसायच्या, एखादं गीत म्हणायच्या, माझ्या वाटची प्रार्थनाही करायच्या. मी नुसती ऐकायचे. त्या दिवसांत माझा विश्वास त्यांनी सांभाळला. हे सगळं नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आजी, तू देवावर रागावली नाहीस?” मी म्हटलं, रागावले. आणि तिला स्तोत्र 88 काढून दिलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे. त्या रात्री ती जेवढं बोलली तेवढं आधी कुठल्याच साक्षीवर बोलली नव्हती.

लक्ष्मीबाई टिळक आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, बाईंनी 1900 साली. मधल्या काळातला विरह, संताप, सोवळंओवळं, यातलं काहीच त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त झाकलं नाही. ख्रिस्ती नसलेली मराठी माणसंही ते पुस्तक आजवर जिव्हाळ्याने वाचतात, ते या खरेपणामुळे, असं मला मनापासून वाटतं. कॉलेजातले मित्र आपल्या मुलांना विचारतात, “तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?” तेव्हा मुलं गोंधळतात, कारण घरात कोणी नीट सांगितलेलंच नसतं. तुमच्या घरात पहिला बाप्तिस्मा कोणी घेतला, गावाने काय केलं, कोणाशी बोलणं तुटलं, हेही साक्षीतच येतं.

बायबलात यहोशवाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल लोकांना यार्देन नदी ओलांडल्यावर बारा धोंडे उभे करायला सांगितलंय, पुढे मुलं विचारतील म्हणून. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातही आधी मुलाचा प्रश्न आहे, मग बापाचं उत्तर. तेव्हा त्यांनी विचारावं असं काहीतरी डोळ्यांसमोर असू द्या. आमच्याकडे सासऱ्यांचं पवित्र शास्त्र आहे, त्याच्या कोऱ्या पानावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, मृत्यू लिहिलेत. नातवंडांना मी शरणपुरातही फिरवते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात इथल्या मिशनच्या शाळेत शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडला गेला आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांच्या दफनविधीला हजर होता. हे ऐकताना नातवाने मोबाईल खिशात ठेवला, आणि मग आमच्या घराण्याचं विचारलं.

वेळ म्हणाल तर नाताळच्या करंज्या करताना. हात गुंतलेले असले की मुलं बसून राहतात, आणि गोष्ट तुकड्या-तुकड्याने सांगता येते. मात्र “आमच्या वेळी पोरं अशी नव्हती” हे वाक्य गोष्टीत येऊ देऊ नका. ते आलं की साक्ष संपते आणि बोलणी सुरू होतात. त्यांच्याही गोष्टी ऐका. माझ्या नातीने परीक्षेच्या आदल्या रात्री एकटीने केलेली प्रार्थना मला सांगितली, तीही साक्षच.

मोठ्या नातवालाही जरूर सांगा, तशीच सांगा, काही गाळू नका. फक्त गोष्ट झाल्यावर लगेच “चल, प्रार्थना करू” म्हणून त्याला अडकवू नका, आणि रविवारी येतोस का हेही त्या दिवशी विचारू नका. त्याने उलट प्रश्न केला आणि उत्तर येत नसेल, तर येत नाही म्हणून सांगा. त्याच्यासाठी प्रार्थना मात्र रोज करा, ती तो झोपल्यावरही करता येते.