साध्या पीएच मीटरने समुद्राचं आम्लीकरण मोजता येतं का?

तुमचं म्हणणं असं की ४, ७ आणि १० च्या बफरवर मीटर नीट कॅलिब्रेट केला, तरी एकाच बादलीतल्या समुद्राच्या पाण्याला कधी ७.९ तर कधी ८.२ दाखवतो; मग याच्यावर आम्लीकरण मोजायचं कसं? मीटर बहुतेक ठीकच आहे. पण आम्लीकरणाने, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळत गेल्याने, खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच वर्षाला साधारण ०.००२ ने उतरतो, आणि तुमची चूक त्याच्या शंभर पट आहे. ती कमी करायची तर नवा मीटर घेण्याआधी बफर, तापमान आणि बाटली या तीन गोष्टी सुधारा.

आधी बफर. बाजारात मिळणारे ते तिन्ही बफर (पीएच आधीच ठरलेली द्रावणं) जवळजवळ गोड्या पाण्यातले असतात. त्यातून इलेक्ट्रोड एकदम ३५ सॅलिनिटीच्या (किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार) पाण्यात घातला की संदर्भ इलेक्ट्रोडच्या जोडापाशी तयार होणारा व्होल्टेज बदलतो आणि तो थेट रीडिंगमध्ये घुसतो. शिवाय पीएच मोजायच्या श्रेणी एकाहून जास्त आहेत: हे बफर गोड्या पाण्यासाठीच्या एनबीएस श्रेणीतले, तर समुद्राचं काम चालतं ‘टोटल’ श्रेणीवर, दोन्हींत ०.१ पेक्षा जास्त फरक पडतो. त्यामुळे कृत्रिम समुद्री पाण्यात बनवलेला ट्रिस बफर वापरा. त्याचा पीएच २५ अंशांना, ३५ सॅलिनिटीला ८.०९४ असतो. ट्रिस आणि नमुना दोन्ही एकाच तापमानाला आणायचे, कारण ट्रिसचा पीएच अंशामागे ०.०३ ने बदलतो आणि समुद्राच्या पाण्याचा सुमारे ०.०१५ ने. मीटर पीएचऐवजी मिलिव्होल्टवर ठेवा आणि तो ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवणारा हवा. १ मिलिव्होल्ट म्हणजे पीएचमधले ०.०१७. एवढं केलं की काचेच्या इलेक्ट्रोडवर ०.०२ च्या आसपास पोचता येतं. थर्मोस्टॅटवालं वॉटर बाथ नसेल तर मात्र तेही विसरा.

याच्या पुढे जायचं असेल तर रंगाची पद्धत घ्या. मेटा-क्रेसॉल पर्पल हा डाय (पीएचनुसार रंग बदलणारं द्रव्य), १० सेंटिमीटरचा सेल (नमुना भरायची पारदर्शक काचेची कुपी) आणि प्रकाशाचं शोषण मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. सेल ट्यूबने तळापासून भरायचा, आत एकही बुडबुडा नको, मग २५ अंशांवर स्थिर होऊ द्यायचा. आधी डाय न घालता ४३४, ५७८ आणि ७३० नॅनोमीटरला शोषण नोंदवा, मग डाय घालून पुन्हा. ७३० ला डाय काहीच शोषत नाही, म्हणून तिथला आकडा ०.००१ पेक्षा जास्त हलला तर समजा सेल हलला, बुडबुडा अडकला किंवा काचेवर बोटाचा ठसा आहे. तो नमुना परत करा. डाय स्वतःच आम्ल-अल्क आहे, त्यामुळे तोही पाण्याचा पीएच थोडा ढकलतो. काही नमुन्यांत दुप्पट डाय घालून हा ढकल किती ते काढा आणि सगळ्यांतून वजा करा. डाय शुद्ध केलेला घ्या आणि शोषणावरून पीएच काढायच्या सूत्रातले स्थिरांकही शुद्ध डायचेच वापरा. अशुद्ध डायची चूक एकट्याने ०.०१ पर्यंत जाऊ शकते, म्हणजे पाच वर्षांचा बदल त्यातच गेला.

पण नुसता पीएच अर्धवट माहिती आहे. पीएच, टोटल अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता), विरघळलेला एकूण अकार्बनी कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब या चारांपैकी कोणतेही दोन मोजले, जोडीला सॅलिनिटी, तापमान, दाब, फॉस्फेट आणि सिलिकेट असलं, की उरलेले दोन आणि अ‍ॅरागोनाइटची (शिंपले-प्रवाळांच्या कवचातलं कॅल्शियम कार्बोनेट) संपृक्तता गणिताने निघते. पीएच आणि आंशिक दाब ही जोडी टाळा. दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात, एक चढला की दुसरा उतरतो, त्यामुळे बाकीची गणितं फार ढिली येतात. अकार्बनी कार्बनचं उपकरण महाग आणि नखरेलही. सुरुवातीला पीएच आणि अल्कलिनिटी ही जोडी माझ्या मते सर्वांत परवडते. अल्कलिनिटीचा मोठा गुण असा की हवेशी कार्बन डायऑक्साइडची देवाणघेवाण झाली तरी ती बदलत नाही. पीएच मात्र लगेच बदलतो.

अल्कलिनिटीसाठी उघड्या भांड्यातलं टायट्रेशन. सुमारे १०० ग्रॅम पाणी वजन करून घ्या, मिलिलिटरने नको: समुद्राचं पाणी लिटरला साधारण १.०२५ किलो भरतं, हे विसरलात तर २३०० मायक्रोमोल प्रति किलोमध्ये ५७ चा फरक पडतो. आम्ल ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक, त्यात ०.६ मोल मीठ घातलेलं, म्हणजे टायट्रेशनभर आयनी तीव्रता (विरघळलेल्या क्षारांच्या आयनांचं प्रमाण) बदलत नाही. पहिल्यांदा एकदम पीएच ३.५ पर्यंत आम्ल घाला. याला अडीच-पावणेतीन मिलिलिटर लागतं. मग पाच-सहा मिनिटं हवेचे बुडबुडे सोडत ढवळा, म्हणजे सुटलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाईल. त्यानंतर ०.०५ मिलिलिटरच्या टप्प्यांनी पीएच ३.० पर्यंत जा आणि दर टप्प्याला मिलिव्होल्ट व तापमान लिहा. या तुकड्यावर किमान-वर्ग फिटिंग करून अल्कलिनिटी काढतात.

इथे बहुतेक जण अडतात ते ब्युरेटवर. पावणेतीन मिलिलिटरचा हजारावा भाग म्हणजे तीनेक मायक्रोलिटर, आणि काचेच्या ब्युरेटवर तेवढं वाचताच येत नाही. मोटरचालित ब्युरेट नसेल तर आम्ल सिरिंजमध्ये घ्या आणि दर टप्प्याआधी व नंतर सिरिंज १ मिलिग्रॅम अचूकतेच्या तराजूवर ठेवा. काम कंटाळवाणं आहे, पण आकडा खरा येतो.

आम्लाची तीव्रता बाटलीवरच्या लेबलवरून घेऊ नका. स्क्रिप्स संस्थेतल्या अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने प्रमाणित केलेलं समुद्री पाणी याच कामासाठी असतं. प्रत्येक बॅचची अल्कलिनिटी दिलेली असते. दिवसाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ते चालवा. मधलं रीडिंग सरकलं असेल तर आम्ल नव्हे, आधी इलेक्ट्रोड आणि ब्युरेटमधला बुडबुडा तपासा.

नमुना घेताना बोरोसिलिकेटची, घासलेल्या काचेच्या बुचाची २५० किंवा ५०० मिलिलिटरची बाटली वापरा. प्लास्टिकमधून वायू आरपार जातो. मऊ ट्यूब तळापर्यंत घाला, पाणी शांतपणे वर येऊ द्या आणि बाटलीभर पाणी बाहेर वाहू द्या. बादलीतून ओतून भरलेली बाटली पीएचसाठी गेलीच समजा. नंतर वरचं १ टक्का पाणी काढा, नाहीतर तापमान वाढल्यावर बूच उडतं. काही तासांत मोजणार असाल तर थंड, अंधाऱ्या जागी ठेवणं पुरे. दिवसांचा प्रश्न असेल तर ५०० मिलिलिटरला मर्क्युरिक क्लोराइडचं संपृक्त द्रावण १०० मायक्रोलिटर घालून बुचाला ग्रीस लावा आणि रबरबँडने घट्ट बांधा. नाहीतर जीवाणूंचं श्वसन चालूच राहतं आणि पीएच उतरतो; तो आम्लीकरणासारखाच दिसतो.

दोन मोजलेल्या आकड्यांवरून बाकीचे काढायचं गणित सीओटूसिस या संगणक प्रोग्रॅममध्ये करा. मापनाचं तापमान आणि समुद्रातलं तापमान हे दोन रकाने वेगळे आहेत. त्यांची अदलाबदल आणि चुकीची पीएच श्रेणी निवडणं या सर्वांत जास्त दिसणाऱ्या चुका. कार्बोनिक आम्लाच्या विघटनाच्या स्थिरांकांसाठी लूकर २००० हा संच नेहमीच्या खुल्या समुद्राच्या पाण्याला चालतो. खाडीच्या तोंडाशी सेंद्रिय आम्लं अल्कलिनिटीत मिसळतात, तिथे याच गणितावर डोळे झाकून विसंबू नका.

अपेक्षाही आधीच ठरवा. ग्लोबल ओशन अ‍ॅसिडिफिकेशन ऑब्झर्व्हिंग नेटवर्कने दोन पातळ्या दिल्या आहेत: स्थानिक, अल्पकाळातले बदल पाहायला पीएचमध्ये ०.०२ आणि अल्कलिनिटीत १० मायक्रोमोल प्रति किलो. दशकांचा कल दाखवायला ०.००३ आणि २. वरच्या पद्धतीने पहिली पातळी नक्की जमते. तेवढ्या ०.०२ चुकीनेही गणितातून निघणारा कार्बन डायऑक्साइडचा दाब ५ टक्क्यांनी हलतो, ४०० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरचा ४२० होतो. किनाऱ्यावर तर प्रकाशसंश्लेषणामुळे दिवस-रात्रीत ०.१ किंवा जास्त फरक सहज पडतो, म्हणून नमुना ठरावीक वेळी, भरती-ओहोटीची नोंद ठेवूनच घ्या. सकाळचा एक आणि दुपारचा एक अशा दोन आकड्यांवरून कल काढता येत नाही.

मर्क्युरिक क्लोराइड अत्यंत विषारी आहे: हातमोजे, वेगळी पिपेट, वेगळा ट्रे. ते घातलेलं पाणी टायट्रेशननंतरही सिंकमध्ये ओतायचं नाही; पाऱ्याचा कचरा म्हणून वेगळ्या बंद डब्यात साठवा, डब्यावर स्पष्ट लेबल लावा आणि घातक रसायनांची विल्हेवाट लावणाऱ्यांकडे द्या.