प्रवेशाआधी शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठ

खासगी विद्यापीठात बीबीए घ्यायचंय ना? मग माहितीपुस्तिका बाजूला ठेव आणि त्याच विभागातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ. प्लेसमेंटचा सर्वांत मोठा आकडा विचारू नकोस. तुमच्या वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली, मधला पगार किती, वर्षभरात किती शिक्षक सोडून गेले, निकाल वेळेवर लागतो का, हे विचार. प्रवेश विभागातली माणसं गोडच बोलतात. खरं चित्र कँटीनमध्ये कळतं.

विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत स्वतः पाहा. कायदा घेणार असशील तर बार कौन्सिलची मान्यता वेगळी लागते, फार्मसीला फार्मसी कौन्सिलची.

फीचं मात्र नीट बघ. सगळ्या वर्षांचा आकडा लेखी माग; वसतिगृह, परीक्षा, अनामत धरून. शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापुरती की पुढेही, किती गुण टिकवावे लागतात, तेही. सरकारी शिष्यवृत्ती तिथे लागू होते का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून घे, एजंटाला नको. आणि मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवू नकोस. तपासून लगेच परत द्यायच्या, असं यूजीसीने 2018 मध्येच बजावलंय.