'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' संथ वाटतो, त्याबद्दल

'लूझिंग माय रिलिजन' हे गाणं आवडलं म्हणून तुम्ही आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचा हा अल्बम लावलात, चार गाण्यांत कंटाळून बंद केलात, आणि विचारलंत की याला रॉक का म्हणायचं. मीही पहिल्यांदा तसाच थांबलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

अल्बम ऑक्टोबर 1992 चा. निर्वाणा बँडच्या गाजलेल्या 'नेव्हरमाइंड' अल्बमला जेमतेम वर्ष झालं होतं आणि जो तो गिटारचा आवाज चढवत होता. आर.ई.एम.च्या मनातही आधी दणकेबाज अल्बमच होता, पण सुचत गेली ती संथ गाणी. चौघांनीही तिशी ओलांडली होती. मरण, म्हातारपण, सुटून गेलेले दिवस हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. 'ट्राय नॉट टू ब्रीद'मध्ये एक म्हातारं माणूस आपल्या जाण्याबद्दल बोलतं, 'स्वीटनेस फॉलोज'मध्ये आईवडिलांना पुरायच्या तयारीत असलेली भावंडं आहेत. असा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेला, तोही बँडने त्यासाठी एकही दौरा न करता. याचं मला आजही नवल वाटतं. नाव मात्र त्यांच्या गावातल्या, जॉर्जियातल्या अथेन्समधल्या 'वीव्हर डी'ज' या खानावळीच्या पाटीवरून घेतलेलं.

तुम्ही थांबलात ते 'एव्हरीबडी हर्ट्स'वर. तेच पुन्हा ऐका, पण शब्द बाजूला ठेवून. चाल सहा मात्रांची आहे; आपल्या कानाला दादऱ्याचा झोका ओळखीचा वाटेल. गाणं मुख्यतः ड्रमर बिल बेरीचं, आणि सुरुवातीला ताल धरतं ते साधं ड्रम मशीन! मागे तंतुवाद्यं हळूहळू भरत येतात, ती रचना लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्सची. बँडच्या सुरुवातीच्या अल्बममध्ये गायक मायकेल स्टाइपचे शब्द नीट कळतसुद्धा नसत. इथे तो प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ उच्चारतो, कारण हे गाणं ज्याच्यासाठी आहे त्या खचलेल्या पोरापर्यंत तो शब्द पोचायला हवा.

मला सगळ्यात जवळचं आहे ते 'नाइटस्विमिंग'. गिटार नाही, ड्रम नाहीत. बँडचा बास गिटारवादक माइक मिल्स इथे पियानोवर एकच आवर्तन फिरवत राहतो, स्टाइप गातो, जोडीला तंतुवाद्यं आणि शेवटाकडे ओबो हे सनईसारखं फुंकवाद्य. पियानो पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो आणि गाणाराही पोहण्याच्या त्याच जुन्या रात्रीकडे परतत राहतो. हे गाणं यूट्यूबवर सुटं ऐकू नका. त्याआधी 'मॅन ऑन द मून'ची उसळी कानात असायला हवी, तरच ही शांतता लागते. अकरावं गाणं आहे. तिथवर क्रमाने या.

लगेच 'फाइंड द रिव्हर' येतं. त्यात मागे गाणाऱ्या बेरी आणि मिल्सने आपापले सूर एकमेकांचे न ऐकता रेकॉर्ड केले. एक शांत, दुसरा कळवळून गातो. हेडफोन लावून ते दोन आवाज वेगळे काढून बघा.

एवढं करूनही गिटारच हवी वाटली, तर याच अल्बमातलं 'इग्नोरलँड' आहे, आणि नंतर 1994 चा 'मॉन्स्टर' लावा. तो दणकेबाज अल्बम त्यांनी शेवटी तेव्हा केला.