कोयना धरणाची उंची जेमतेम १०३ मीटर असताना १,९६० मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प त्यावर कसा चालतो?

कारण विजेचा हिशेब धरणाच्या उंचीवर नव्हे, तर पाणी एकूण किती खाली पडते यावर ठरतो. आणि कोयनेचे बहुतांश पाणी धरणाच्या पायथ्याशी न सोडता सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला उतरवले जाते. पोफळीच्या भूमिगत वीजगृहापर्यंतचा हा उतार सुमारे ४७५ मीटरचा आहे.

शाळेत शिकलेले स्थितिज ऊर्जेचे सूत्र (वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची) येथे जसेच्या तसे लागू पडते. एक घनमीटर, म्हणजे १,००० किलो पाणी ४७५ मीटर खाली आले, की १,००० × ९.८ × ४७५ = सुमारे ४६.५ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्यामुळे पाइपातील घर्षण, टर्बाइन आणि जनित्र यांतील घट वजा जाता या पाण्यापासून साधारण एक युनिट वीज हाती येते. हेच पाणी १०३ मीटरवरून सोडले असते, तर पाव युनिटच्या आसपासच समाधान मानावे लागले असते. पायथ्याच्या वीजगृहाची क्षमता अवघी ४० मेगावॉट आहे, ती उगीच नव्हे.

मात्र १,९६० मेगावॉट ही स्थापित क्षमता आहे, अखंड उत्पादन नव्हे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वार्षिक ६७.५ टीएमसीची (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) मर्यादा घातल्यामुळे हे संच मुख्यतः मागणी वाढते त्या वेळी चालवले जातात.