रंकाळ्यावर अनोळखी बदक दिसलं, नोंद कुठे आणि कशी करायची?

ईबर्ड या पक्षी नोंदवायच्या ॲपवर करा, ते फुकट आहे आणि त्यात पक्ष्यांची मराठी नावंही मिळतात. पण त्याआधी, पक्षी समोर असतानाच वहीत लिहा. घरी जाऊन पुस्तक उघडलं की डोळ्यांनी न पाहिलेलंही आठवायला लागतं. चोचीचा आकार, पायांचा रंग, उडताना पंखावर दिसलेला पट्टा, सोबत कोणते पक्षी होते, एवढं पुरे. कार्तिकात आपल्याकडे थापट्या बदकं उतरतात. मादी नुसती तपकिरी दिसते, पण चोच बघा, टोकाला फावड्यासारखी पसरट. तेवढ्यावर ओळख पटते.

फोटो धूसर असला तरी जोडा. दुर्मीळ नोंदीवर ॲप खूण करतं आणि तपासणारे स्वयंसेवक पुरावा विचारतात. त्याचा राग मानू नका, नोंदीला वजन त्यानेच येतं. किती वेळ पाहिलं, किती चाललात आणि दिसलेले सगळे पक्षी, अगदी साळुंकी-कावळेही, आकड्यासकट लिहा. नाव पक्कं नसेल तर ‘बदक प्रजाती’ एवढंच नोंदवा.

आणि कळकळीची विनंती: शिकारी पक्षी किंवा घुबड रोज जिथे विसावतं ती नेमकी जागा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. गर्दी झाली की पक्षी जागा सोडतो.